लिफ्ट मजल्याच्या लेव्हलला थांबत नाही? लेव्हलिंग सेन्सर बसवणं आणि सांभाळणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोसायटीच्या कमिटीतली माणसं, नवीन लागलेले टेक्निशियन आणि घरातल्या आजींना लिफ्टच्या दारात ठेच लागली म्हणून काळजीत पडलेली मंडळी, सगळे फिरून फिरून हेच प्रश्न विचारतात म्हणून एकत्र लिहितोय. मुंबई-ठाणे-पुण्यात दिसतात तशा पाच-सात ते वीस मजली बिल्डिंगमधल्या, रोपवर चालणाऱ्या लिफ्ट डोळ्यांसमोर आहेत. हायड्रॉलिकचा एक प्रश्न शेवटाकडे आहे.

लेव्हलिंग सेन्सर म्हणजे नक्की काय आणि तो असतो कुठे?

केबिनच्या छतावर, म्हणजे कार टॉपवर, एका ब्रॅकेटवर सेन्सर बसवलेले असतात आणि शाफ्टमध्ये, म्हणजे लिफ्ट फिरते त्या उभ्या पोकळीत, प्रत्येक मजल्याला गाईड रेलवर (केबिन ज्यांच्या आधाराने सरकते ते उभे रूळ) एक पत्रा किंवा मॅग्नेट लावलेला असतो, पत्र्याला आपल्याकडे वेन किंवा फ्लॅग म्हणतात. केबिन मजल्यापाशी आली की सेन्सर त्या फ्लॅगसमोर येतो आणि कंट्रोलरला, म्हणजे लिफ्ट चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पॅनेलला, कळतं की मजला आला, आता थांबायचं. स्लो कधी व्हायचं, नेमकं कुठे थांबायचं आणि दार उघडायला परवानगी आहे का, हे तिन्ही निर्णय या सिग्नलवर होतात. काही लिफ्टमध्ये तिघांसाठी वेगळे सेन्सर असतात, काहींमध्ये दोनच सेन्सर, अप लेव्हल आणि डाऊन लेव्हल, सगळं काम करतात.

प्रकार कोणकोणते आणि कुठला घ्यावा?

मॅग्नेटिक म्हणजे रीड स्विचवाला (मॅग्नेट समोर आला की चालणारा स्विच), हा आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसतो, धुळीचं त्याला फारसं काही वाटत नाही, आणि मॅग्नेटची पट्टी रेलवर लावायला सोपी. ऑप्टिकल म्हणजे इंग्रजी यू आकाराचा, मधल्या फटीतून इन्फ्रारेड किरण जातो आणि फ्लॅग आत आला की किरण तुटतो, हा अचूक आहे पण धूळ, ग्रीसचा उडालेला थेंब, कोळ्याचं जाळं, काचेच्या कॅप्सूल लिफ्टमध्ये तर दुपारचं थेट ऊन, यातलं काहीही त्याला फसवू शकतं. इंडक्टिव्ह लोखंडी फ्लॅगवर चालतो, दणकट असतो. आणि नवीन महागड्या लिफ्टमध्ये शाफ्टभर वरपासून खालपर्यंत कोडची पट्टी लावलेली असते, ती वाचणारा सेन्सर केबिन कुठे आहे ते सतत मिलिमीटरमध्ये सांगतो, तिथे मजल्या-मजल्याचे फ्लॅग लागतच नाहीत.

माझं मत विचाराल तर जुन्या बिल्डिंगच्या धुळकट शाफ्टमध्ये मॅग्नेटिक किंवा इंडक्टिव्हच बसवा. ऑप्टिकल तिथेच जिथे दर महिन्याला कुणीतरी खरंच कार टॉपवर चढून तो पुसणार आहे.

लिफ्ट किती मिलिमीटर वर-खाली थांबली तर चालतं?

युरोपच्या ईएन ८१-२० या लिफ्टच्या मानकात आकडा स्पष्ट दिलाय, थांबताना अचूकता १० मिमी वर किंवा खाली, आणि माणसं चढता-उतरताना फरक २० मिमीच्या पुढे गेला तर लिफ्टने तो स्वतः दुरुस्त करून परत १० मिमीच्या आत आणायचा. आपल्याकडे आयएस १४६६५ हे भारतीय मानक होतं, २०२२ मध्ये आलेलं आयएस १७९०० हे आयएसओ ८१०० या आंतरराष्ट्रीय मानकावर बेतलेलं आहे. जुन्या टू-स्पीड मोटरच्या लिफ्टकडून १० मिमीची अपेक्षा करू नका, तिथे ब्रेकच लिफ्ट थांबवतो आणि लोडप्रमाणे फरक पडतोच, पण व्हीएफडी ड्राइव्ह (मोटरचा वेग हळूहळू कमी-जास्त करणारं इलेक्ट्रॉनिक युनिट) असलेली लिफ्ट १० मिमीच्या आत आली पाहिजे, नाही आली तर काहीतरी बिघडलंय.

आकडा छोटा वाटतो, पण व्हीलचेअरचं पुढचं लहान चाक तेवढ्याशा पायरीला अडतं, आणि वॉकर घेऊन चालणारा माणूस पाय उचलत नाही, सरकवतो. तरण्या माणसाला जे जाणवतही नाही तिथे त्याचा तोल जातो. म्हणून "थोडंसंच आहे हो" हे उत्तर कुणी दिलं तर ऐकून घेऊ नका.

लेव्हल बिघडली म्हणजे सेन्सर गेला असंच समजायचं ना?

नाही! या सगळ्या लिखाणातली हीच एक गोष्ट लक्षात राहिली तरी पुरे. लेव्हल बिघडली की आधी मोजायचं, मग विचार करायचा आणि शेवटी पाना हातात घ्यायचा. बऱ्याचदा होतं काय की तक्रार आली, टेक्निशियन वर चढला, फ्लॅग अंदाजाने सरकवला, त्या दिवशी ठीक वाटलं, आठवड्याने दुसऱ्या मजल्याची तक्रार आली, मग तोही सरकवला, असं करत करत सगळे फ्लॅग जागचे हललेले असतात आणि मूळ कारण, जे ब्रेकमध्ये होतं, ते तिथेच असतं.

ढोबळमानाने असं बघा. एकाच मजल्याला फरक असेल आणि वरून आलो काय, खालून आलो काय, तेवढाच असेल तर त्या मजल्याचा फ्लॅग हललाय. सगळ्याच मजल्यांना सारखाच फरक आणि एकाच बाजूला, तर कार टॉपवरचा सेन्सरचा ब्रॅकेट हललाय किंवा वाकलाय (सर्व्हिसला वर चढलेल्याचा पाय त्यावर पडतो, हे फार कॉमन आहे). वर जाताना पुढे जाऊन वर थांबते, खाली येताना पुढे जाऊन खाली थांबते, तर फ्लॅग बरोबर आहेत, लिफ्ट वेळेत थांबत नाहीये, ब्रेक लायनर (ब्रेकचं अस्तर) घासलंय किंवा ड्राइव्हमधलं लेव्हलिंग स्पीड (मजल्यापाशीचा हळू वेग), डिसिलरेशन (वेग कमी होण्याचं सेटिंग) बघायला हवं. रिकामी असताना ठीक आणि भरल्यावर बिघडते, तर ब्रेक, ड्राइव्हचं ट्यूनिंग किंवा काउंटरवेटचा (रोपच्या दुसऱ्या टोकाला लटकणाऱ्या वजनाचा) बॅलन्स. आणि कधीही, कुठेही, कसाही फरक पडतो, त्याला काही पॅटर्नच नाही, तर सैल वायर, घाण झालेला सेन्सर, एन्कोडरचं (मोटर किती फिरली ते मोजणाऱ्या यंत्राचं) सैल कपलिंग किंवा ड्राइव्हचा नॉईज सिग्नलच्या वायरमध्ये शिरतोय.

मोजायचं कसं? टेप लावून?

टेप नको, स्टीलची फूटपट्टी घ्या. केबिनचा उंबरा आणि मजल्याचा उंबरा, म्हणजे दार ज्या खाचेतून सरकतं त्या दोन पट्ट्या, या दोघांमधला फरक मोजायचा, फरशीपासून नाही. एका उंबऱ्यावर पट्टी आडवी धरायची, तिच्याखालची फट दुसऱ्या पट्टीने मोजायची, आणि दाराच्या डाव्या-उजव्या दोन्ही टोकांना मोजायचं, कारण केबिन तिरकी झालेली असली तर दोन टोकांना वेगळा आकडा येतो आणि मग तो सेन्सरचा विषयच उरत नाही. केबिन वर असेल तर अधिक, खाली असेल तर उणे. प्रत्येक मजल्याला दोन आकडे लिहायचे, खालून वर येताना एक आणि वरून खाली येताना एक.

उदाहरण घ्या. तिसऱ्या मजल्याला वर येताना अधिक १८ मिमी आणि खाली येताना अधिक ४ मिमी आलं. दोघांची बेरीज २२, अर्धे ११, म्हणजे फ्लॅग ११ मिमी वर लागलाय. दोघांची वजाबाकी १४, अर्धे ७, म्हणजे लिफ्ट दोन्ही दिशांना ७ मिमी पुढे जाऊन थांबतेय. आता बघा, नुसता फ्लॅग १८ मिमी खाली केला असता तर वर येताना लिफ्ट झकास लेव्हलला आली असती आणि खाली येताना १४ मिमी खाली गेली असती! म्हणून आधी ब्रेक किंवा ड्राइव्ह बघून ते ७ मिमी काढायचे, परत मोजायचं, मग फ्लॅग ११ मिमी खाली घ्यायचा. केबिन वर थांबते तर फ्लॅग खाली आणि केबिन खाली थांबते तर फ्लॅग वर, यात नवीन पोरं हमखास गोंधळतात.

ही मोजणी एकदा रिकाम्या लिफ्टची आणि एकदा वजन टाकून करा. काउंटरवेट साधारण केबिनचं वजन अधिक क्षमतेच्या ४० ते ५० टक्के एवढं असतं, त्यामुळे रिकामी केबिन स्वतःहून वर जाऊ बघते आणि भरलेली खाली, थांबण्यातला फरक या दोन टोकांनाच नीट दिसतो.

नवीन सेन्सर आणि फ्लॅग बसवताना काय क्रम ठेवायचा?

पहिली अट, उंबरे पक्के झालेले असले पाहिजेत. बिल्डर घाई करतो, लॉबीचं फिनिशिंग बाकी असतानाच लिफ्ट चालू करून द्या म्हणतो, मग नंतर उंबरे हलतात आणि सगळं काम परत.

लिफ्ट इन्स्पेक्शन मोडवर (कार टॉपवरच्या बटणांनी हळू चालवायच्या मोडवर) टाकायची, मजल्याला केबिनचा उंबरा मजल्याच्या उंबऱ्याशी बरोबर जुळवायचा आणि स्टॉप स्विच दाबून मगच कार टॉपवर हात लावायचा. माणसं दोन हवीत, एकट्याने हे काम करायचं नाही. सेन्सरच्या मध्याची खूण रेलवर मार्करने करायची, फ्लॅगचा किंवा मॅग्नेटचा मध्य त्या खुणेवर आणायचा, क्लिप कसायची. सगळ्या मजल्यांना फ्लॅगची लांबी एकसारखी हवी, एकाच मजल्याला जुना लांब तुकडा वापरला तर तिथे लिफ्ट वेगळीच वागणार. यू सेन्सरमध्ये फ्लॅग फटीच्या बरोबर मधून गेला पाहिजे, मॅग्नेटिकमध्ये अंतर कंपनीच्या कागदात दिलंय तेवढंच. आणि हे अंतर एका मजल्याला बघून भागत नाही, पूर्ण शाफ्टभर लिफ्ट इन्स्पेक्शन स्पीडने फिरवून बघा, कारण गाईड शू (केबिनला रेलवर धरून ठेवणारे तुकडे) घासलेले असले की केबिन हलते आणि एखाद्या मजल्याला सेन्सर फ्लॅगला घासतो. काही रीड सेन्सर एका ध्रुवाने ऑन आणि दुसऱ्याने ऑफ होतात, तिथे मॅग्नेट उलटा लागला तर तासन्‌तास डोकं खाजवावं लागतं.

वायरिंग करताना सेन्सरची वायर मोटरच्या पॉवर केबलला बांधू नका, शील्ड असेल तर अर्थिंग नीट करा. सेन्सर बहुतेक २४ व्होल्ट डीसीवर चालतात, पण आउटपुटचा प्रकार एनपीएन आहे का पीएनपी, नॉर्मली ओपन का क्लोज, हे जुना काढायच्या आधी बघून ठेवा. दिसायला सेम टू सेम सेन्सर आतून वेगळा असू शकतो.

मग लर्न रन द्यायचा, म्हणजे कंट्रोलर लिफ्ट खालपासून वरपर्यंत हळू नेतो आणि प्रत्येक फ्लॅगची जागा लक्षात ठेवतो. एन्कोडरवाल्या सिस्टीममध्ये फ्लॅग हलवला आणि लर्न रन विसरलात तर काहीच सुधारणार नाही. आताच्या बऱ्याच कंट्रोलरमध्ये मजल्यागणिक मिलिमीटरचं बारीक अ‍ॅडजस्टमेंटही असतं, ते शेवटच्या दोन-चार मिलिमीटरसाठी वापरा, २५ मिमी हललेला फ्लॅग त्यात लपवू नका.

डोअर झोन म्हणजे काय? टेक्निशियन म्हणतो तो सेन्सर तात्पुरता बायपास करतो.

करू देऊ नका. डोअर झोन म्हणजे मजल्याच्या वर-खाली तो ठराविक पट्टा जिथे दार उघडायला परवानगी असते, ईएन ८१-२० प्रमाणे जास्तीत जास्त २०० मिमी वर-खाली, आणि केबिनचं व मजल्याचं दार मोटरने एकत्र उघडत असेल तर ३५० मिमी. हा सिग्नल वायर मारून कायमचा ऑन केला तर कंट्रोलरच्या लेखी लिफ्ट सतत मजल्यावरच आहे, मग दोन मजल्यांच्या मध्ये दार उघडणं किंवा दार उघडं असताना केबिन हलणं, याला अडवणारी एक मोठी भिंत पडली. दाराच्या लॉकच्या कॉन्टॅक्टला लूप मारणं, म्हणजे वायर जोडून दार कायम बंद असल्याचं भासवणं, हाही तसलाच प्रकार. स्पेअर यायला दोन दिवस लागणार असतील तर लिफ्ट दोन दिवस बंद राहू दे, लोक जिने चढतील, कुरकुर करतील, चालेल.

तळमजल्यावर लोक चढले की केबिन खाली बसते, उतरले की वर येते. सेन्सरचा दोष का?

नाही, रोप ताणला जातो. मशीन वर आहे, त्यामुळे केबिन तळमजल्यावर असताना तिच्यावरचा रोप सगळ्यात लांब असतो आणि लांब रोप जास्त ताणतो, शिवाय केबिनखालची रबर पॅड आणि रोपच्या टोकाच्या स्प्रिंगही दबतात. यावर उपाय म्हणजे री-लेव्हलिंग, दार उघडं असतानाच लिफ्ट अगदी हळू स्वतःला परत लेव्हलला आणते. पण दार उघडं ठेवून केबिन हलवायची म्हणजे त्यासाठी डोअर झोनचे सेन्सर आणि सेफ्टी सर्किट खास लागतं, ते तुमच्या कंट्रोलरमध्ये आहे का ते विचारा, आपल्याकडच्या बऱ्याच लहान लिफ्टमध्ये नसतं.

नवीन रोप टाकले असतील तर पहिले काही महिने ते कायमचे थोडे लांबतात. रोप बदलल्यावर लेव्हल परत बघायची हे आधीच ठरवून ठेवा.

गणपतीच्या आधी लॉबीत नवीन फरशी टाकली आणि केबिनमध्ये ग्रॅनाईट बसवलं, तेव्हापासून लेव्हल गेली.

दोन्ही गोष्टी लिफ्टवाल्याला न विचारता झाल्या असणार. जुन्या फरशीवरच नवीन फरशी चिकटवली की लॉबी उंबऱ्यापेक्षा वर येते, म्हणजे लिफ्ट उंबऱ्याला बरोबर थांबतेय पण माणसाला पायरी लागतेच. इथे फ्लॅग सरकवून फायदा नाही, कारण मग केबिनचा उंबरा आणि मजल्याचा उंबरा जुळणार नाहीत. फरशीवाल्याकडून उंबऱ्यापर्यंत हळू उतार करून घ्या.

ग्रॅनाईटचं जास्त गंभीर आहे. २० मिमी जाडीच्या ग्रॅनाईटचं वजन एका चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास भरतं, वर आरसे, स्टीलची पॅनेलं, हे सगळं केबिनला कायमचं चिकटलेलं वजन. काउंटरवेट तेवढाच राहिला तर बॅलन्स बिघडतो, ब्रेकवर ताण येतो, लेव्हल हलते, आणि आत माणसं किती घ्यायची तो आकडाही आता खरा राहत नाही. केबिनला काहीही लावायच्या आधी मेन्टेनन्स कंपनीकडून लेखी घ्या.

लिफ्ट तिसऱ्यावर असते आणि डिस्प्ले चार दाखवतो, मध्येच स्वतःहून तळमजल्यावर जाऊन येते.

मधल्या एखाद्या फ्लॅगचा सिग्नल कंट्रोलरला मिळाला नाही किंवा एकाऐवजी दोनदा मिळाला, मोजणी चुकली. ते लक्षात आल्यावर लिफ्ट शेवटच्या मजल्याच्या स्विचपर्यंत जाऊन मोजणी परत जुळवते. टेक्निशियनसाठी सोपी युक्ती, कंट्रोल कार्डवर त्या इनपुटचा एलईडी असतो, एकाने लिफ्ट इन्स्पेक्शनवर हळू न्यायची आणि दुसऱ्याने मशीन रूममध्ये तो एलईडी बघत राहायचं. प्रत्येक मजल्याला एकदाच स्वच्छ लागून विझला पाहिजे, लुकलुकला तर त्या मजल्याचा फ्लॅग सेन्सरपासून लांब गेलाय, आणि सगळ्याच मजल्यांना लुकलुकत असेल तर सेन्सर किंवा ट्रॅव्हलिंग केबलमधली (केबिनसोबत वर-खाली हलणाऱ्या केबलमधली) वायर आतून तुटत आलीय.

पावसाळ्यात जास्त तक्रारी का येतात?

पिटमध्ये (शाफ्टच्या तळाच्या खड्ड्यात) पाणी, शाफ्टच्या भिंतीतून ओल, समुद्राजवळच्या बिल्डिंगमध्ये खारी हवा, त्यामुळे कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर चढतो आणि सिग्नल कधी येतो कधी नाही. मे महिन्यातच सगळे कनेक्टर काढून बघा, गंजलेले बदला, मशीन रूमची आणि शाफ्टची गळती बंद करा. पिटमध्ये पाणी साचलेलं असताना लिफ्ट चालवू नका.

लाईट गेल्यावर एआरडी (ऑटोमॅटिक रेस्क्यू डिव्हाइस) लिफ्टला मजल्यावर आणतो, त्याचा सेन्सरशी संबंध आहे का?

पूर्ण आहे. बॅटरीवर लिफ्ट सोप्या दिशेला, म्हणजे रिकामी असेल तर वर आणि भरलेली असेल तर खाली, हळूहळू सरकते आणि सेन्सरने मजला आला सांगितलं की थांबून दार उघडते. सेन्सर बिघडलेला असेल तर बॅटरी नवीकोरी असूनही माणूस आत अडकतो. एआरडीची टेस्ट करताना नुसतं दार उघडलं का ते बघू नका, कितीच्या फरकाने थांबली तेही मोजा.

बंगल्यातली हायड्रॉलिक लिफ्ट रात्रभरात खाली सरकलेली असते, हे काय?

व्हॉल्व्ह किंवा सीलमधून तेल थोडं थोडं झिरपतं, आणि गरम तेल थंड झालं की आकसतंही, म्हणून केबिन खाली येते. सेन्सर हे ओळखून पंप चालू करतो आणि केबिन परत वर आणतो. पंप वारंवार चालू होत असेल तर सेन्सर आपलं काम चोख करतोय, दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा सीलमध्ये शोधा.

मेन्टेनन्स किती दिवसांनी आणि एएमसीमध्ये (वर्षाच्या मेन्टेनन्सच्या करारात) काय लिहून घ्यायचं?

महिन्याच्या सर्व्हिसला सेन्सर मऊ कोरड्या फडक्याने पुसणं (थिनर नको, ऑप्टिकलची काच धुरकट होते), मॅग्नेटला चिकटलेला लोखंडाचा चुरा काढणं, ब्रॅकेटचे नट हाताने तपासणं. दर तीन महिन्यांनी सगळ्या मजल्यांची मोजणी आणि ते आकडे रजिस्टरमध्ये, तारखेसकट. नुसतं "सर्व्हिस केली, लिफ्ट ओके" असं लिहिलेलं रजिस्टर काही कामाचं नाही. आकडे असले की सहा महिन्यांत लेव्हल हळूहळू कशी सरकत गेली ते दिसतं आणि ब्रेक लायनर कधी बदलायचं ते तक्रार यायच्या आधीच कळतं. कमिटीने एएमसीच्या करारात ही मोजणी एक वेगळी ओळ म्हणून लिहून घ्यावी, आणि सेन्सर, फ्लॅग, वायरिंग यातलं काय कव्हर आहे तेही.

महाराष्ट्रात १९३९ चा बॉम्बे लिफ्ट्स अ‍ॅक्ट जाऊन २०१७ चा नवीन कायदा आलाय, त्यात लिफ्टसोबत एस्कलेटर आणि मूव्हिंग वॉकही आले. इन्स्पेक्टर आल्यावर हे रजिस्टर त्यांच्यासमोर ठेवा.

आमच्या वॉचमनला दाखवून दिलं तर तो सेन्सर पुसेल का?

नको, कृपा करून नको. कार टॉपवर जाणं, मजल्याचं दार बाहेरून त्रिकोणी चावीने उघडणं, ही ट्रेनिंग घेतलेल्या माणसाची कामं आहेत, त्या चावीने दार उघडून केबिन समोर आहे असं समजून पाय टाकला आणि माणूस शाफ्टमध्ये पडला, असे अपघात घडतात. वॉचमनने करायचं ते एवढंच की उंबऱ्याची खाच खडे-माती काढून साफ ठेवायची आणि लिफ्ट वर-खाली थांबली तर मजला, वेळ, वर जात होती का खाली, आत अंदाजे किती माणसं होती, हे वहीत लिहायचं. या चार गोष्टी फोनवर सांगितल्या तर येणारा माणूस अर्धं निदान करूनच येतो.

दुरुस्ती होईपर्यंत लिफ्ट चालू ठेवायची का?

फरक १५-२० मिमीपर्यंत आणि रोज तेवढाच असेल तर प्रत्येक मजल्यावर दाराशी डोळ्यांच्या उंचीवर पाटी लावा, आत-बाहेर दिवे नीट ठेवा, आणि त्याच आठवड्यात काम करून घ्या. फरक रोज वाढत असेल किंवा दर वेळी वेगळा येत असेल तर बंद करा, ब्रेकचा संशय आहे. आणि दार मजल्यांच्या मध्ये उघडलं, किंवा दार उघडं असताना केबिन सरकली, एकदाच का होईना, तर कंपनीच्या फोनची वाट बघू नका. आत कुणी नाही याची खात्री करा, मशीन रूममधला मेन स्विच पाडा, त्याला कुलूप आणि पाटी लावा, प्रत्येक मजल्याचं दार ओढून बंद आहे का ते तपासा, आणि एखादं दार लॉक होत नसेल तर टेक्निशियन येईपर्यंत त्या दारासमोर एक माणूस उभा ठेवा.